पुण्यात बसून यॉर्कशायरचं जेवण: फोडणीचा हात आवरा, बाकी सगळं वाण्याकडे मिळतं

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या लीड्सहून पुण्याला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली. आम्ही दोघं परत आलो, मुलं मात्र परदेशात आली, हे मला पहिल्या पावसाळ्यात कळलं. बाहेर धो धो पाऊस, मी कौतुकाने कांदाभजी तळतेय, आणि धाकटा खिडकीत बसून विचारतोय, आई आज क्रंबल आणि कस्टर्ड नाही का? त्याच्यासाठी पावसाची चव तीच होती ना, वर चुरा घालून भाजलेली आंबट फळं आणि गरम कस्टर्ड, भजी नव्हती.

मग मी तेच केलं जे सगळे करतात, इम्पोर्टेड मालाच्या दुकानात गेले, बेक्ड बीन्सच्या डब्याची किंमत बघितली आणि डबा गपचूप परत जागेवर ठेवला. त्यानंतर हळूहळू लक्षात आलं की तिकडच्या लोकांच्या घरगुती जेवणाला लागणारं जवळपास सगळं आपल्या वाण्याकडे आहे, फक्त वेगळ्या नावाने आहे. खरी अडचण सामानाची नाहीच, आपल्या हाताची आहे. कढई तापली की हात आपोआप मिसळणाच्या डब्याकडे जातो. तो आवरायचा. एवढं जमलं तर पुढचं सोपंय.

सुरुवात सगळ्यात सोप्यापासून, मशी पीज. तिकडे फिश अँड चिप्सबरोबर ही हिरवी लगदा झालेली वाटाण्याची भानगड मिळते, यॉर्कशायरमध्ये तर हमखास. ती ज्या वाटाण्याची करतात ते मॅरोफॅट वाटाणे, म्हणजे शेतातच वाळू दिलेले हिरवे वाटाणे. आपले उसळीचे वाळलेले हिरवे वाटाणे थोडे बारीक असतात पण काम तेच. पाव किलो वाटाणे भरपूर उकळत्या पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा घालून रात्रभर भिजवा, सकाळी चांगले तीनचार पाण्यातून धुवा (सोडा राहिला तर साबणासारखी चव लागते, मी केलंय, मुलांनी एक घास खाऊन माझ्याकडे बघितलं फक्त), मग कुकरला दोन शिट्ट्या आणि नंतर झाकण काढून मंद आचेवर ढवळत राहा, निम्मे फुटले निम्मे अख्खे राहिले की थांबा. मीठ, चिमूटभर साखर, बटरचा तुकडा. झालं. आमच्या सासूबाईंनी पातेल्यात डोकावून विचारलं, "अगं, फोडणी द्यायची राहिली का?" म्हटलं, आई, राहिली नाही, द्यायचीच नाहीये. त्या काही बोलल्या नाहीत पण त्यांच्या ताटात लसणाची चटणी आली. वर मिंट सॉस घालतात तो म्हणजे पुदिना बारीक चिरून त्यात साखर आणि व्हिनेगर आणि थोडं गरम पाणी. मिरची नाही. कोथिंबीर नाही. आलं नाही. मला माहितीये.

व्हिनेगरवरून सांगते, वाण्याकडची पांढरी बाटली घेतलीत तर लेबल वाचा, बऱ्याचदा सिंथेटिक लिहिलेलं असतं, ते नाकात जातं नुसतं. चिप्सवर शिंपडायला तिकडे माल्ट व्हिनेगर असतं, जरा गोडसर, तपकिरी. गोव्याला कुणी जाणार असेल तर माडाचं व्हिनेगर आणायला सांगा, माल्टची चव नाही पण मवाळपणा तोच आहे, आमच्याकडे आता तेच चालतं.

मासा: कॉड आणि हॅडक इथे सहज नाही मिळत, आणि बासा घेऊ नका असं मी म्हणेन, पाणीच जास्त सुटतं त्याला. रावस घ्या, जाड तुकडे, काटा काढून. हळद-तिखट लावायचं नाही! मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, मग कागदाने अगदी कोरडा करा. पिठासाठी १५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम तांदळाचं पीठ, एक चमचा बेकिंग पावडर, मीठ, आणि फ्रीजमधला गार सोडावॉटर साधारण २०० मिली, भज्याच्या पिठापेक्षा थोडं पातळ. सोडा तळायच्या अगदी आधी ओता, आधी करून ठेवलंत तर बुडबुडे जातात आणि मग कव्हर जाड नि चिवट होतं. माशाला आधी कोरडा मैदा मग पीठ. चिप्स दोनदा तळायचे, पहिल्यांदा मध्यम तेलात मऊ होईपर्यंत, रंग येऊ द्यायचा नाही, काढून गार करायचे, मग कडक तेलात. एकदाच तळले तर ते फ्रेंच फ्राईजही होत नाहीत आणि चिप्सही नाही.

बटाट्याबद्दल दोन शब्द कारण निम्मं ब्रिटिश जेवण बटाट्यावर उभं आहे. तिकडे मॅरिस पायपर, किंग एडवर्ड असे पिठूळ बटाटे नावानिशी मिळतात. इथे भाजीवाल्याला "जुना बटाटा द्या" म्हणायचं, बस. नवा बटाटा, पातळ सालीचा, नखाने साल निघते तो, भाजीला छान पण मॅशला (कुस्करलेल्या बटाट्याला) चिकट. आणि कोल्ड स्टोरेजचा गोड लागणारा बटाटा तळला की आतून कच्चा आणि बाहेरून काळपट होतो.

आता शेफर्ड्स पाय, म्हणजे खाली खिमा आणि वर कुस्करलेल्या बटाट्याचा थर लावून भाजलेला पदार्थ. तिकडे बीफचा केला तर तो कॉटेज पाय आणि मटणाचा केला तर शेफर्ड्स पाय, कारण शेफर्ड म्हणजे मेंढपाळ. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे त्यामुळे आपला पाय शेफर्ड्सच, आणि खरं बघायला गेलं तर तोही नाही कारण आपलं मटण बोकडाचं. चालतं. बोकडाच्या खिम्याला चरबी कमी असते म्हणून खाटकाला सांगायचं की थोडी चरबी घालून खिमा कर, आणि हातखिमा मिळाला तर उत्तमच.

अर्धा किलो खिमा कोरडा परतायचा, चांगला तपकिरी, घाई करायची नाही. बाजूला काढून त्याच कढईत दोन कांदे दोन गाजरं बारीक चिरून, मऊ झाली की दोन चमचे मैदा, एक मोठा चमचा टोमॅटो प्युरी, खिमा परत आत, साधारण अर्धा लिटर पाणी किंवा हाडांचं सूप, तमालपत्र एक, मिरपूड. कुकरला तीन शिट्ट्या आणि मग झाकण काढून आटवा. इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे वूस्टरशर सॉस. हा सॉस वूस्टरच्या ली अँड पेरिन्सने १८३७ पासून विकायला सुरुवात केली, आणि बाटलीवरचं वाचलंत तर हसू येईल: व्हिनेगर, काकवीचा भाऊबंद मोलॅसिस, साखर, मीठ, मुरवलेली छोटी मासळी, चिंच, कांदा, लसूण. चिंच! म्हणजे आपल्या आमटीतली चिंच तिकडे जाऊन बाटलीत बसून परत महाग होऊन येते. बाटली मिळाली तर घ्या, वर्षभर पुरते. नाही मिळाली तर एक चमचा चिंचेचा कोळ, एक चमचा सोया सॉस, एक चमचा व्हिनेगर, अर्धा चमचा काकवी, अर्धी लवंग कुटून, आणि (हे माझं स्वतःचं, माझं माहेर रत्नागिरीचं) जवळा कोरडा भाजून त्याची पूड चिमूटभर. मासळीचा वास येत नाही, नुसती चव खोल होते. ज्यांच्या घरी चालत नाही त्यांनी सोडून द्या.

वरच्या मॅशला एक किलोला थोडे कमी बटाटे, उकडून पाणी काढल्यावर तेच पातेलं दोन मिनिटं मंद गॅसवर ठेवून हलवायचं, उरलेलं पाणी उडून जातं. मग ७५-८० ग्रॅम बटर, थोडं गरम दूध. मिक्सरमध्ये घालायचा नाही, डिंक होतो, पावभाजीच्या मॅशरनेच करा. अमूल बटर खारट असतं हे लक्षात ठेवून मीठ शेवटी. खिमा पूर्ण गार झाल्यावरच त्यावर बटाटा पसरा, गरम खिम्यावर टाकला तर बटाटा आत बुडतो आणि मग तो पाय नाही, खिमा-बटाटा होतो. काट्याच्या चमच्याने वर रेघा ओढायच्या, त्या रेघांचे उंचवटे भाजून कुरकुरीत होतात, मुलं त्याच्यावरूनच भांडतात. ओव्हनमध्ये २०० डिग्रीला २५ मिनिटं, कडेने रस बुडबुडायला लागला की झालं.

यॉर्कशायर पुडिंग हा मात्र वेगळा विषय आहे आणि इथे मी जरा सविस्तर बोलणार आहे कारण यात माझा जीव अडकलाय.

ज्यांनी खाल्लं नाही त्यांच्यासाठी: हे गोड नाही. पुडिंग नाव असलं तरी ती अंडी, मैदा, दूध यांची कढईसारखी खोलगट फुगलेली पुरी समजा, कडा कुरकुरीत, मधला भाग मऊ, त्यात ग्रेव्ही ओतायची. रविवारच्या रोस्टबरोबर, म्हणजे भाजलेल्या मांसाबरोबर. ती फुगली पाहिजे म्हणजे पाहिजे. २००८ मध्ये तिकडच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने, म्हणजे रसायनशास्त्राच्या संस्थेने, जाहीर केलं होतं की चार इंचापेक्षा बुटकं असेल तर ते यॉर्कशायर पुडिंगच नाही. आपल्याकडे पुरणपोळीवर अजून कुठल्या संस्थेने फतवा काढला नाही हे नशीब.

माप अगदी सोपं, एक वाटी घ्या. त्या वाटीत मावतील इतकी अंडी (माझ्या वाटीत चार), तीच वाटी भरून मैदा, तीच वाटी भरून दूध. मीठ. गाठी न ठेवता फेटा आणि किमान अर्धा तास बाहेरच ठेवा, फ्रीजमध्ये नको. बेकिंग पावडर घालू नका, कितीही वाटलं तरी. फुगतं ते वाफेवर, आतलं पाणी झटकन वाफ होतं आणि अंडी-मैद्याचं कवच त्याला धरून ठेवतं, त्यामुळे सगळा खेळ उष्णतेचा आहे.

तिकडे मोल्डमध्ये बीफची वितळवलेली चरबी घालतात. आपण साजूक तूप. तुपाला जास्त उष्णता सोसते, बटर घातलंत तर जळेल. सहा खणांचा मफिन ट्रे, प्रत्येक खणात अर्धा चमचा तूप, ओटीजी (आपला छोटा विजेचा ओव्हन) २३० वर, वरचे खालचे दोन्ही रॉड चालू, आणि डायलवरचा दिवा विझला म्हणजे तापला असं समजू नका, तो थापा मारतो, वीस मिनिटं द्याच. मग ट्रे आत दहा मिनिटं. तुपातून धूर दिसायला लागला की दार उघडून ट्रे थोडासाच बाहेर ओढा, पीठ पळीने ओता, चर्र आवाज आलाच पाहिजे. आवाज नाही आला तर तूप तापलेलं नाही, सरळ ट्रे परत आत घाला. खण निम्म्याच्या किंचित वर भरायचे. दार बंद. वीस मिनिटं उघडायचं नाही, डोकवायचं नाही, कुणाला डोकवू द्यायचं नाही.

आमच्याकडे पहिल्या वेळी काय झालं, तर ट्रे मी मधल्या जाळीवर ठेवला होता. पुडिंगं फुगली, अशी फुगली की बघत राहावं, काचेतून दिसत होतं, मोठी फोन घेऊन शूट करत होती, आणि मग ती वरच्या रॉडला जाऊन टेकली. जळका वास. मी घाबरून दार उघडलं. पाच सेकंदात सहाच्या सहा बसली, त्यांना टाळूवर काळा डाग आणि खाली मऊ लोळागोळा. लीड्सच्या घरातला ओव्हन फूटभर उंच होता, ओटीजी म्हणजे खुराडं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हा ट्रे सगळ्यात खालच्या जाळीवर. आणि काढायच्या आधी शेवटची दोन मिनिटं सुरीने प्रत्येकाला बारीक भोक पाडून परत आत ठेवा, वाफ निघून जाते, मग बसत नाहीत.

दुसऱ्यांदा बाराव्या मिनिटाला लाईट गेली. त्यावर उपाय नाही.

ग्रेव्ही मी कांद्याची करते. तीन कांदे उभे पातळ चिरून बटरमध्ये अगदी मंद आचेवर अर्धा पाऊण तास, बिर्याणीसारखे कुरकुरीत नाहीत, मुरंब्यासारखे मऊ लालसर. एक चमचा मैदा, मग चिकन किंवा मटण स्टॉक, थोडा तो वरचा वूस्टरशर. चिकन रोस्ट केलं असेल तर ट्रेला चिकटलेलं सगळं खरवडून यात घाला, खरी चव तिथे असते. आणि पुडिंगं उरली तर (उरत नाहीत) दुसऱ्या दिवशी त्यात काकवी घालून खायची, यॉर्कशायरमध्ये जुनी माणसं सिरप घालून खातात.

बेक्ड बीन्सचं पटकन सांगते. पांढरा बारीक राजमा रात्रभर भिजवून कुकरला नीट शिजवा (राजमा अर्धा कच्चा ठेवायचा नाही, पोट बिघडतं, नुसत्या मंद आचेवर तर शिजवूच नका), मग टोमॅटो प्युरी, थोडा गूळ, व्हिनेगर, पाव चमचा मोहरीची पूड, थोडं कॉर्नफ्लोअर, वीस मिनिटं उकळा. जिरं घातलंत की ती उसळ. बटर लावलेल्या जाड टोस्टवर ओता, टोस्ट मऊ पडतो, तो पडायलाच हवा.

गोडाकडे येऊ. कस्टर्डची गंमत अशी की १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टने बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणून कॉर्नफ्लोअरची बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली, म्हणजे आपल्या शाकाहारी घरांत ती इतकी रुळली याचं श्रेय त्या बाईंच्या ॲलर्जीला. वाइकफील्ड तर पुण्याचीच कंपनी, डबा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. फक्त आपण ते गार करून फळं घालून खातो, तिकडे ते गरम गरम वाफाळतं ओतायचं असतं. अर्धा लिटर दुधाला दोन मोठे चमचे पावडर, दोन चमचे साखर, पळीवरून धार पडेल इतकंच घट्ट. साय धरली तर भांडू नका, आमच्याकडे तिच्यावरही हक्क सांगणारे आहेत.

क्रंबलला तिकडे ब्रॅमली नावाचं आंबट, फक्त शिजवायचं सफरचंद असतं, नाहीतर रुबार्ब. लीड्सच्या दक्षिणेला वेकफिल्डच्या बाजूला रुबार्ब अंधाऱ्या शेडमध्ये वाढवतात आणि मेणबत्तीच्या उजेडात काढतात, गुलाबी देठ, जीभ आंबून जाते. आपलं सिमल्याचं सफरचंद फार गोड, त्याचा क्रंबल शिऱ्यासारखा लागतो. त्यात लिंबू पिळून भागतं, पण मी सांगते कैरी घ्या. पाऊण किलो कैरीच्या फोडी, १५० ग्रॅम साखर (कैरी फार आंबट असेल तर २००), थोडी सुंठ, पाच सात मिनिटं शिजवून खोलगट भांड्यात. वरचा चुरा: २०० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम गार बटर, १०० ग्रॅम जाडसर साखर, मूठभर ओट्स. एप्रिलमधल्या पुण्यात बटर हातातच वितळतं आणि चुऱ्याऐवजी कणीक होते, म्हणून बटर फ्रीझरमध्ये दगड करून किसणीवर किसा आणि बोटांच्या टोकांनीच चोळा, मोहन चोळतो तसं पण मुटका वळायच्या आधी थांबायचं. दाबून बसवू नका, नुसता पसरा. १८० ला ३५-४० मिनिटं. सासूबाईंनी पहिल्यांदा मागून घेतलेला पदार्थ हा. "पन्ह्याची बिस्किटं झालीत," म्हणाल्या, आणि वाटी पुढे केली.

आणि पार्किन. हा यॉर्कशायरचा ओट्स आणि आल्याचा चिकट केक, ५ नोव्हेंबरच्या बॉनफायर नाईटला करतात, म्हणजे आपल्या दिवाळीच्या आसपासच, आमच्याकडे तो आता फराळातच येतो. त्याला ट्रीकल लागतं, म्हणजे उसाचा काळा घट्ट पाक. मी वर्षभर ट्रीकल शोधत होते आणि ते कोल्हापूरहून दर हिवाळ्यात घरी येत होतं, भाकरीबरोबर खायला, काकवी म्हणून. कडवटपणा ट्रीकलइतका नाही, पण वास घ्या, भाऊबहीण आहेत.

१५० ग्रॅम बटर, २५० ग्रॅम काकवी, ८० ग्रॅम गूळ हे मंद आचेवर नुसतं वितळवा, उकळू नका, पाक झाला तर केक दगड होतो. १५० ग्रॅम ओट्स मिक्सरला रव्यासारखे जाडसर फिरवा, त्यात २०० ग्रॅम मैदा, एक मोठा चमचा सुंठ पूड, थोडं जायफळ, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा खाण्याचा सोडा. वितळवलेलं ओता, कोमट झालं की एक अंडं आणि पाच चमचे दूध. मिश्रण पातळ वाटेल, घाबरू नका, ओट्स पितात ते. चौकोनी डब्यात, १६० ला ५० मिनिटं.

त्या दिवशी खाऊ नका पण. ताजा पार्किन कोरडा लागतो, मी पहिल्यांदा हिरमुसून कामवाल्या मावशींना निम्मा देऊन टाकला होता आणि आठ दिवसांनी त्याच सांगत आल्या की ताई तो केक आता भारी लागतोय. बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात पाच-सहा दिवस ठेवा, वरून चिकट आणि आतून ओलसर होतो. नोव्हेंबरात बाहेर टिकतो, पावसाळ्यात फ्रीजमध्येच. डबा लाडवांच्या डब्यामागे ठेवा आणि वर "मेथीचे लाडू" अशी चिठ्ठी लावा, आमच्याकडे एवढ्याने चार दिवस निघतात.